मैत्री काय सांगत होती, आबा

आबा, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. आज सकाळपर्यंत मी तुमच्यासाठी रडले नव्हते. रडायचं नव्हतं असं नाही, घाबरण्यातून सवडच मिळाली नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "घाबरायचं फर्स्ट शिफ्टला कर, रडायचं सेकंडला, दोन्ही एकदम केलं की माल खराब होतो." तुमचे हे कंपनीतले विनोद मला आवडायचे नाहीत, आणि मला आवडत नाहीत म्हणून तुम्ही ते मुद्दाम करायचात.

आत्ता जेवणाची सुट्टी आहे. चाकणच्या कंपनीच्या कँटीनमध्ये बसून तपासणीच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय. तुमच्याशी बोलताना मी नेहमी मुद्दा शेवटी काढायची आणि तोवर तुम्ही कानातलं यंत्र काढून टीव्हीवर ठेवलेलं असायचं. म्हणून आज मुद्दा आधी. मला भीती वाटते ती मैत्रीच्या हातांची. तुमची नात, दोन वर्षं तीन महिन्यांची, आणि शब्द चारच: मम्, ना, बाबा आणि भू. त्यात आई नाही. आई म्हणत नाही याचं दुःख करायलासुद्धा मी थांबले नाही, कारण तोंड गप्प असताना तिचे हात मात्र दिवसभर काहीतरी करत असायचे. कधी दोन बोटं खांद्यावर ठेवायची, कधी मनगटावर टकटक करायची, कधी दोन्ही तळहात पुढे धरून पुतळ्यासारखी उभी राहायची. मोबाइलवरच्या एका यादीत वाचलं होतं, मूल बोलत नसेल आणि हात विचित्र हलवत असेल तर दुर्लक्ष करू नका. तेव्हापासून तिचा हात जरा वर गेला की मी हातातलं काम टाकून धावायची.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. पार्ट उचलायचा, गेज लावायचं. गेज बसलं तर पास, नाही बसलं तर लाल क्रेटमध्ये. दिवसाला शेकडो पार्ट हातातून जातात, आणि सहा वर्षांत माझी नजर अशी झालीय की भाजीवाल्याकडची काकडीसुद्धा मी सरळ आहे का बघून घेते. त्या नजरेने मी पोटच्या पोरीकडे बघायला लागले, हे मला तेव्हा कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं.

मोबाइलवरच्या त्या आयांच्या ग्रुपचं तर विचारूच नका. मैत्री जन्मली त्या महिन्यात त्याच दवाखान्यात बाळंत झालेल्या आम्ही बाराजणी. आधी झबल्यांचे फोटो यायचे, मग रांगण्याचे, मग पावलांचे. तोवर सगळं गोड होतं. मग एकीने लिहिलं, "आमचा रेयांश आता पूर्ण वाक्य बोलतो. तुमचे?" त्या 'तुमचे?'ने माझी झोप उडाली. कुणाची मुलगी रंग सांगत होती, कुणाचा मुलगा गाड्यांची नावं. मी नुसते अंगठे देत राहिले. ग्रुप सोडावा तर लोकांना कळेल, न सोडावा तर रोज पोळायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत.

मग मी तो तक्ता केला. आडवं वय, उभे शब्द, वर एक रेघ, खाली एक रेघ, आणि मैत्रीचे लाल ठिपके खालच्या रेघेच्याही खाली. फ्रिजला चुंबकाने लावला. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि बराच वेळ बघत राहिलात.

"हे कुठल्या पार्टचं हाय?"

"मैत्रीचं आहे, आबा."

"हां. मग टॉलरन्स किती ठेवलायस लेकराला?"

टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालवून घ्यायचा ते. तुम्ही हसत विचारलंत, मी हसले नाही. मी म्हटलं, "ही चेष्टेची गोष्ट नाही." तुम्ही म्हणालात, "चेष्टा कोण करायलंय? लोखंडाला बी थोडं इकडं-तिकडं चालतंय, आन् तू लेकराला सुतभर द्यायली न्हाईस." मग तुमचं ठरलेलं पालुपद आलंच, की मैत्रीचा बाबा, तुमचा अमोल, तीन वर्षांचा होईस्तोवर मुका होता आणि आता गप बस म्हटलं तरी बसत नाही. अमोल आतून ओरडला, "मी ऐकतोय." तुम्हाला ते ऐकू गेलं नाही, त्यामुळे तुम्ही आणखी दोन उदाहरणं दिलीत. तुमच्या लातूरकडच्या भाच्याचं आणि गल्लीतल्या कुणाचं तरी.

मी चिडले होते, आबा, कारण मला तुमच्यावर विश्वास ठेवायचा होता. बोलेल की, ज्याचं त्याचं वेळापत्रक असतं, हे ऐकायला कुणाला नको असतं? पण मागच्या सोसायटीतल्या एका बाईने बोलेल बोलेल करत चार वर्षं घालवली आणि मग कळलं की पोराला नीट ऐकूच येत नव्हतं. अमोलचं बरं झालं म्हणून सगळ्यांचं आपोआप बरं होतं असं कुठे असतं? आणि कुकरची शिट्टी झाली की तुम्ही आणि मैत्री, दोघंही मान वळवायचा नाहीत. तुमचं कारण मला माहीत होतं. तिचं माहीत नव्हतं.

शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. मुलं एका घड्याळावर बोलत नाहीत, म्हणाल्या. एखादं दीड वर्षाला बडबडतं, एखादं अडीच वर्षांचं झालं तरी मोजकंच बोलतं, आणि पुढे दोघांत फरकही राहत नाही. पण वाट बघायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. आधी ऐकणं तपासू, मग वाचा-उपचाराच्या मॅडमना भेटा. तपासणी म्हणजे निकाल नव्हे, हेही म्हणाल्या. मग सहज विचारलं, "घरात कुणाला ऐकायला कमी येतं?"

तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, मैत्रीला मांडीवर घेऊन. रिक्षात बसल्यावर मी तुम्हाला विचारलं. तुम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने विचारलं, म्हणजे घरी पिंपळे गुरवपर्यंतच्या रस्त्याने आणि रिक्षावाल्यानेही ऐकलं असणार. "आबा, तुमच्या घराण्यात जन्मतः बहिरं कुणी होतं का?"

तुम्ही मैत्रीला मांडीवर नीट बसवलंत. मग म्हणालात, "मी बहिरा जन्मलो न्हाय, शीतल. बहिरं व्हायला मला अठ्ठावीस वर्षं लागली." एवढंच. कंपनीत पत्रा दाबून कापणारी प्रेसची मशीन दिवसभर कानाशी धडाड धडाड करत असायची आणि कानात कापसाचे बोळे घालायचात, हे मला अमोलने कधीतरी सांगितलं होतं. मी माफी मागायला हवी होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, इथेच डावीकडे घ्या.

मॅडमची पहिली भेट त्याच आठवड्यात झाली. ताथवड्याला, अमोलच्या ऑफिसजवळ. त्यांनी विचारलं, "तिला काही हवं असेल तर ती कसं सांगते?" मी म्हटलं, "काही सांगतच नाही. नुसते हात हलवते." त्या म्हणाल्या, हातांचे व्हिडिओ काढून आणा. मी व्हिडिओ काढले नाहीत. मला ते मोबाइलमध्ये साठवायचेच नव्हते. घरी येऊन मी तुम्हाला दम दिला. होय, दमच. "तुम्ही दिवसभर तिच्यासमोर हातवारे करता. ती तेच शिकते. उद्यापासून हात नाही हलवायचे, तोंडाने बोलायचं."

"बोलायलंय की लेकरू," तुम्ही म्हणालात. "तू बघायली न्हाईस."

हे तुम्ही तीनदा म्हणालात, आबा. वेगवेगळ्या दिवशी. मी मोजलंय, आता मागे जाऊन. तिन्ही वेळा मला वाटलं, म्हातारं माणूस समजूत घालतंय.

तुम्ही मात्र माझं ऐकलंत. मी कंपनीतून आले की तुम्ही सोफ्यावर बसलेले असायचात, दोन्ही हात मांडीखाली दाबून. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. आणि तोंडाने अखंड चालू: "हे बघ भांडं. भांडं! हे बघ चमचा. चमचा!" स्वतःला ऐकू यावं अशा आवाजात. समोरच्या बिल्डिंगमधल्या पाटीलकाकू मला म्हणाल्या, "अगं, आता तर मलासुद्धा सगळी भांडी पाठ झाली." मी हसले. मला वाटलं, चला, काम सुरू झालं. मैत्री तुमच्या मांडीकडे बघत बसायची, जिथे हात दडपलेले होते तिकडे. ते मी पाहिलं आणि त्याचीही मला भीतीच वाटली, ही चेहऱ्याकडे का बघत नाही म्हणून. माझी भीती अशी होती, आबा, तिला काहीही खायला घातलं तरी ती वाढायचीच.

मग तो सोमवार. त्या बुधवारी कानाची टेस्ट होती. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून, कानात आवाज सोडून करतात ती. मी दोन दिवस आधीपासूनच तिला त्या दिवशी कसं झोपवायचं याचा विचार करत होते. आमच्याकडे शॉपमध्ये, म्हणजे जिथे काम चालतं त्या भागात, मोबाइल नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये असतो. साडेअकराला सुपरवायझर स्वतः माझ्या टेबलाशी आले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय. पण मला वाटलं, मैत्रीला झालंय. ते म्हणाले, "तुमचे सासरे," आणि मला एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. तो क्षण मी कुणालाही सांगितलेला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तो समजून घ्याल आणि वर एक विनोदही कराल.

तुम्ही खुर्चीतच गेला होतात. डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेले, त्यांना कळलंही नसेल. म्हणजे मैत्री तुमच्याजवळ एकटी होती. पाटीलकाकूंच्या हिशेबाने अर्धा तास, कमी-जास्त. काकू रडत रडत सांगत होत्या, "अगं, ती गॅलरीत आली ना, मी कपडे वाळत घालत होते. मला बघून असं असं करायला लागली." काकूंनी दोन्ही हात छातीसमोर एकावर एक आडवे धरून दाखवले, मनगटाशी फुली केल्यासारखे. "मला वाटलं, नाचते आहे. मी पण हसून तसंच केलं तिला. आत गेली, परत आली, परत तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा रडत होती, तेव्हा मी आपली तुमच्या घराची ती जादाची किल्ली घेऊन धावले."

पुढचे सगळे दिवस मैत्रीने तेच केलं. घरात येणाऱ्या प्रत्येकासमोर उभी राहायची आणि हातांची फुली करायची. तुमच्या लातूरच्या बहिणीसमोर, अमोलच्या मित्रांसमोर, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भंतेजी वंदना घ्यायला आले तेव्हा त्यांच्यासमोरही. सगळे पांढऱ्या कपड्यांत शांत बसलेले, वंदना चाललेली, आणि ही मधोमध उभी राहून फुली करतेय. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पोरगी जराशी वेगळीच वाटते नाही?" मी पुढे होऊन तिला मांडीत घेतलं आणि तिचे हात घट्ट धरून ठेवले. तिने सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मी सोडले नाहीत. वंदना संपेपर्यंत धरून बसले, आबा. लोकांना वाटलं, सून सासऱ्यासाठी कशी दगड होऊन बसलीय.

तेराव्या दिवशी मी कामावर परत आले. अमोलने महिनाभर घरून काम मागून घेतलं. रोज सकाळी सात दहाची कंपनीची बस कोपऱ्यावर येते आणि रोज मैत्री दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जाळीमागे उभी राहते, तळहात पुढे धरून. तुम्ही होतात तेव्हाही राहायची. मी खालून टाटा करायची. ती टाटा करायची नाही. तळहात तसेच. बस सुटली की रडते, हे तुम्ही मला सांगितलं होतं आणि एकदा, मी चप्पल घालत असताना, असंही म्हणाला होतात, "तू बी दाखव की तिला." मी म्हटलं, "आबा, उशीर होतोय." काय दाखव, कशाला दाखव, मी विचारलंच नाही.

काल गुरुवार. इकडच्या कंपन्यांची आठवड्याची सुट्टी, मी घरी असणार म्हणून सोपानकाका आले. तुमचे प्रेसवरचे जोडीदार, तुम्हाला लातूऱ्या म्हणणारे. तुम्ही पुढे पत्रा लावायचात आणि ते मागून पार्ट काढायचे, असं बावीस वर्षं चाललं, हे मला लग्नातच ऐकवलं गेलं होतं. ते मुलीकडे नाशिकला होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आधी येता आलं नाही. काठी टेकत दोन जिने चढून आले, तुमच्या खुर्चीकडे बघितलं आणि खाली सतरंजीवर बसायला लागले. मी म्हटलं, "काका, गुडघा." म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं पोरी. लातूऱ्याची खुर्ची हाय ती."

मी चहा आणला. मैत्री आतून आली, मला बघितलं आणि तिची ती दोन बोटं खांद्यावर ठेवली. सोपानकाका चहाचा घोट गिळायचे थांबले आणि फस्सकन हसले. इतक्या दिवसांत आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं.

"काय झालं काका?"

"काय न्हाई, काय न्हाई."

"सांगा ना."

"आता काय सांगू? आमच्या प्रेस शॉपमदी आवाजापायी बोललेलं ऐकू यायचं न्हाई ना. मंग सगळं हातानंच. हे असं खांद्याव बोटं ठिवली म्हंजी..." ते लाजले. "म्हंजी सायेब आला. सरळ व्हा."

म्हणून तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत तर! सून घरात शिरली की आजोबा आणि नात एकमेकांना खूण करतात, साहेब आला. आणि मी ती खूण त्या यादीतल्या वाक्याशी ताडून बघत होते. मी हसले की चिडले, मला आठवत नाही. कारण तेवढ्यात सोपानकाकांनी आपला हात वर करून अंगठा ओठाला लावला, चहा पिणार का असं, आणि मैत्रीने मान हलवली. नाही. मग तिने मनगटावर टकटक केलं. काका म्हणाले, "शिफ्ट कवा सुटणार म्हणती. कुनाची गं?" माझी, आबा. रोज दुपारपासून ती ते करते, असं अमोलने आतून सांगितलं. मी घरी कधी येणार, हे ती विचारत होती.

तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. सतरा दिवसांनी तिला तिची भाषा येणारं माणूस भेटलं होतं. ती काकांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली, त्यांच्या गुडघ्याला चिकटून, आणि तिने हातांची फुली केली.

सोपानकाकांनी कप खाली ठेवला.

"काय म्हणते ती?" मी विचारलं. मला वाटतं मला कळलं होतं, तरी विचारलं.

"मशीन बंद," ते म्हणाले. तिने तुमच्या खुर्चीकडे बोट केलं, परत फुली केली. "त्याची मशीन बंद पडली म्हणती, पोरी." आणि ते माणूस, दोन एकर जमीन बिल्डरला देतानासुद्धा डोळ्यांतून टिपूस न काढलेलं, तोंडावर उपरणं धरून हुंदके द्यायला लागलं. मैत्रीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ती सांगत होती, आबा. पहिल्या मिनिटापासून सांगत होती. गॅलरीत जाऊन, दिसलेल्या पहिल्या मोठ्या माणसाला, बरोबर, स्पष्ट, तीन वेळा. मग घरात आलेल्या प्रत्येकाला. मी तिचे हात धरून ठेवले, म्हणजे मी तिचं तोंड दाबून ठेवलं. डॉक्टर झटक्यात म्हणाले होते, ते मी कालपासून सतत स्वतःला सांगतेय. अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता. पडला नसता ना? तुम्ही इथे "न्हाय गं" म्हणायला हवं होतं, मोठ्याने.

शेवटी मी काकांना ते तळहातांचं विचारलं. त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. दोन बोटं अर्धीच आहेत, ते मी नेहमी बघायची आणि कधी विचारलं नव्हतं. "म्या मागं व्हतो, त्यो म्होरं. त्याला वाटलं माझा हात भायेर हाय. पायडल दाबलं." किती साधं सांगितलं त्यांनी. तुमच्या हातून झालं होतं ते. तुम्ही हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, अमोललाही नाही. "लातूऱ्या आठ दिस जेवला न्हाई. मंग आमी दोघांनी ठरवलं, एकमेकाचं दोन्ही हात दिसल्याबिगर मशीन चालवायची न्हाई. त्यो दाखवायचा, मंग मी दाखवायचा. म्हंजी मी बरा हाय, तू बी बरा हाईस, आता चालू दे."

"मैत्री रोज सकाळी मला दाखवते," मी म्हटलं.

"आन् तू?"

मी टाटा करून दाखवला.

"समोरच्यानं बी दाखवाया लागतं, पोरी. एकट्यानं दाखवून काय उपेग? आमी तसं उभंच ऱ्हायचो मग."

काका गेल्यावर मी मॅडमना फोन केला. स्वतःहून, चक्क. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, या खुणांचा तिच्यासाठी ठरलेला अर्थ आहे, तर ते शब्दच धरा, लिहून काढा, खुणेबरोबर तोंडानेही बोलत जा, खुणांनी बोलणं अडत नाही. मी लिहून काढले. चार शब्द आणि अकरा खुणा, काकांना ओळखू आल्या तेवढ्या. आणखी सहा आहेत, त्या त्यांनाही कळल्या नाहीत. त्या तुम्ही दोघांनीच घरात बनवल्या असणार. त्या सहांचं मी काय करू, आबा? एक कान ओढण्याची आहे. एक नाकावर मूठ ठेवण्याची. ती रोज विचारते आणि मी नुसती बघत राहते.

तेव्हा राहिलेली कानाची टेस्ट आता मंगळवारी ठरलीच आहे, ती करायचीच, असं मॅडम म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "ज्यांनी तिला हे शिकवलं त्यांनाही घेऊन या ना. मला त्यांच्याकडून बरंच कळेल." मी म्हटलं, त्यांना यायला जमणार नाही.

तेव्हा आपलं भांडण अर्धंच मिटलंय. ती बोलते, हे तुमचं खरं निघालं. पण तपासून घ्यायला हवं, हे माझं मी सोडणार नाही. तुमच्या खुणा कळल्या म्हणून तिचे कान ठीक आहेत असं ठरत नाही. कदाचित तुमच्या हातांकडे ती एवढी वळली, कारण तिलाही तुमच्यासारखंच ऐकू येत होतं. हा विचार काल मनात आला आणि अजून गेलेला नाही. मंगळवारी काय निघेल मला माहीत नाही. मी तेवढीच घाबरलेली आहे. फक्त तिच्या हातांना आता घाबरत नाही. आणि तो तक्ता काल काढला. फाडला नाही, तुमच्या कपाटात ठेवलाय, तुम्ही विचारलेल्या टॉलरन्सच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की त्यावर लिहीन.

तुमची माफी मागायची राहिली, रिक्षातल्या त्या प्रश्नाबद्दल. तुमचे हात मांडीखाली बसवले त्याबद्दल त्याहून जास्त. मी बाहेर पडले की तुम्ही ते बाहेर काढत असणार, माझी खात्री आहे. त्या तीन आठवड्यांत माझं तुम्ही अजिबात ऐकलं नसेल, एवढीच माझी इच्छा आहे.

आज सकाळी कोपऱ्यावर नेहमीची माणसं होती. गॅलरीत अमोलच्या कडेवर मैत्री, जाळीतून दोन्ही तळहात बाहेर. मी डब्याची पिशवी रस्त्यावर ठेवली, पर्स ठेवली आणि दोन्ही हात वर करून तिला दाखवले. लोक बघत होते. तिने आधी डोळे बारीक करून नीट बघितलं. मोजल्यासारखं, एक, दोन. मग तिने आपले हात खाली घेतले, अमोलच्या खांद्यावर मान टाकली आणि दोघं आत गेले. रडली नाही.

बसमध्ये शेजारी एक नवीन मुलगी होती, कामाला लागून चारच दिवस झालेली. नाशिक फाटा ओलांडेपर्यंत ती माझ्याकडे चोरून बघत होती. मग तिने मला रुमाल दिला आणि विचारलं, "ताई, काय झालं?"

"माझे सासरे गेले," मी म्हटलं.

"अगं बाई! कधी?"

"अठरा दिवस झाले," मी म्हटलं. "मला आत्ता कळलं."